तिसऱ्या खांबाजवळची जुवैना

जुवैना बिंत खलफान ओमानातल्या आमच्या इब्रा गावच्या बुधवारच्या बाजारात तेवीस वर्षं तिसऱ्या खांबाशी बसते. शेजारी मी, सुरम्याच्या डब्या आणि सलवारीला लावायच्या जरीच्या पट्ट्या घेऊन. तिचा माल म्हणजे धूप. चंदनाचा भुगा, ऊद, साखर आणि गुलाबपाणी शिजवून ती घरी करते. कृती मला सांगत नाही. मीही माझी जर कुठून येते ते तिला सांगत नाही, म्हणून आमचं जमतं.

बाजार बायकांचा. विकणारी बाई, घेणारी बाई, भाव पाडून जीव खाणारीही बाईच. पुरुषांनी फाटकाबाहेर गाडीत बसून वाट बघायची. आत, परपुरुषांसमोर चढवायचा चेहऱ्यावरचा मुखवटा वर सरकवून निवांत कॉफी पिता येते, नवऱ्याच्या घोरण्यापासून जावेच्या कागाळ्यांपर्यंत सगळं बोलता येतं.

जुवैनाचा नवरा गेला तेव्हा सईद चार वर्षांचा होता. दीर म्हणाले, मान खाली घालून घरात बस, आम्ही पोसतो. तिने मान खाली घातली ती धुपाचं पातेलं ढवळायला. त्या पातेल्यावर सईद शिकला, मस्कतला नोकरीला लागला, आणि गेल्या वर्षी तिथल्या एका बड्या घरात त्याची सोयरीक जमली. तेव्हापासून आईचं बाजारात जमिनीवर बसणं त्याला खुपायला लागलं.

आमच्यात जागेचा एक नियम आहे. कुठे लिहिलेला नाही, पण तो मोडायची कुणाची छाती नाही. बाई येऊ शकली नाही तर शेजारणीने तिची चटई अंथरायची आणि तिचा माल विकायचा, पण दोनच बुधवार. तिसऱ्या बुधवारी तिने स्वतः येऊन बसायचं, नाहीतर जागा गेली. बाळंतिणीला तेवढी चाळीस दिवसांची सूट.

सईद तिला ‘विश्रांतीला’ म्हणून मस्कतला घेऊन गेला. पहिल्या बुधवारी मी चटई अंथरली, दुसऱ्याही. तोवर तिघीजणी खांबावर डोळा ठेवून फेऱ्या मारायला लागल्या होत्या. मला राग आला तो सईदचा नाही, जुवैनाचा. दिरांना न जुमानणारी ही बाई पोराच्या गाडीत निमूट जाऊन बसलीच कशी?

तिसऱ्या आठवड्यात, मंगळवारी, सईद तिला परत घेऊन आला, पण तिचे कपडे घेऊन घराला कायमचं कुलूप लावायला. उद्या नऊला निघू, असं सांगून तो झोपला. पहाटेची नमाज झाल्यावर वाळवंटातून बाजाराला येणारी मौजा नेहमीसारखी पिकअप हाकत गल्लीतून चालली होती. दर बुधवारी ती जुवैनाला वाटेत घेते. सवयीने तिने गाडी हळू केली, तर जुवैना पातेलं घेऊन दारात उभीच.

सातला ती आपल्या चटईवर मांडी ठोकून बसली. डोळा ठेवणाऱ्या तिघींना एकदम दुसऱ्या दुकानातली कापडं आवडायला लागली.

नऊच्या सुमाराला सईद फाटकाशी आला. आत येता येईना. परक्या बायकांसमोर आईचं नाव घ्यायचं नाही ही आमच्या पुरुषांची रीत, म्हणून त्याने बाहेर पडणाऱ्या एकीला सांगितलं, सईदच्या आईला पाठवा. आता आमच्या बाजारात सईदच्या आया काय कमी आहेत? आधी बांगड्यावाली गेली. मग खजूर चघळत मसालेवाली गेली. प्रत्येकीला तो म्हणे, तुम्ही नाही. हळूहळू ज्यांना सईद नावाचा मुलगा नाही त्याही जायला लागल्या. मौजाला तर पाच मुलीच, तीही गेली.

मी जुवैनाला म्हटलं, जा बाई एकदाची, पोरगा घामाघूम झालाय.

“माझं नाव येतं ना त्याला?” ती म्हणाली. “शाळेत घालताना पालक म्हणून माझंच सांगितलं होतं. घेऊ दे ना.”

फाटकाशी मौजा त्याला विचारत होती, “नाव काय रे तुझ्या आईचं? नाव सांग, हुडकून आणते.”

तो काहीतरी पुटपुटला. मौजाने कानाला हात लावला. “मला कमी ऐकू येतं, बाळा.”

“जुवैना बिंत खलफान,” तो मोठ्याने म्हणाला. सगळ्या बाजाराच्या माना वळल्या. माझ्या हातातली जरीची पट्टी तशीच राहिली.

जुवैना उठली, फाटकापर्यंत गेली.

“मीच ती. तिसऱ्या खांबाशी बसते, धूप विकते. सासऱ्याला तुझ्या हेच सांग, आणि आत्ता घेतलंस तसं नाव घेऊन सांग.”

“आई, सगळे बघतायत.”

“बघू देत. तेवीस वर्षं बघतायत. अकराला बाजार उठतो, तेव्हा गाडी घेऊन ये. पातेलं जड आहे.”

ती परत येऊन बसली. डब्याचं झाकण तिला काही लागेना. मी लावून दिलं. फाटकाकडे न बघता तिने समोरच्या गिऱ्हाइकाला भाव सांगितला, नेहमीपेक्षा जरा चढाच.

अकराला गाडी फाटकाशी उभी होती, डिकी उघडी. सईदने तिच्या हातातलं पातेलं घेतलं आणि आत नीट बसवलं. मग चटईसाठी हात पुढे केला. ती तिने माझ्याकडे दिली.

“ही इथेच राहू दे,” ती म्हणाली. “पुढच्या बुधवारी मीच अंथरीन.”