काठोकाठ चहा

पडद्यावरचा पत्रकार परदेशातल्या हॉटेलात ग्लास तोंडाला लावत होता आणि निम्मी दारू शर्टावर सांडत होती. मग फोन उचलून तो युद्धाची बातमी थेट हॉटेलच्या स्वयंपाकघरालाच सांगत सुटला. थिएटर खदखदून हसलं. मीही हसले, आणि शेजारी अण्णा बसलेत हे आठवून हसू आवरलं.

अण्णा आमच्या वर्तमानपत्राचे परदेशातले बातमीदार होते. दारूमुळे हातात पेन स्थिर राहत नसे, म्हणून ते फोनवरून बातमी सांगायचे आणि मी इथे डेस्कवर उतरवून घ्यायचे. त्यांची जीभ अडखळली की मी म्हणायचे, "अण्णा, पाणी प्या, मी थांबते." ते काय प्यायचे, कोण जाणे! बातमी मात्र पुरी व्हायची. दारू सुटून आता नऊ वर्षं झाली.

मध्यंतरात ते उठले. "तू बस, चहा मी आणतो."

परतले तेव्हा सिनेमा सुरू झाला होता. अंधारात पायऱ्या चढत, लोकांच्या गुडघ्यांमधून वाट काढत, अण्णा दोन्ही हातांत काठोकाठ भरलेले कागदी कप घेऊन आले. जिंकणं म्हटलं की आपल्याला हारतुरे आठवतात, ढोलताशे आठवतात. इथे एक माणूस नुसता चहा आणत होता आणि मला शिट्टी वाजवावीशी वाटत होती.

"झाकणं नव्हती का हो?"

"चहावाला लावत होता. म्हटलं, राहू दे."

मी कप हातात घेतला. बाहेरून अगदी कोरडा होता.