आईने प्रतिनिधीपद सोडलं तेव्हा

राहुरीत वकिली करणारी माझी आई एका परगावच्या बियाणे कंपनीची इथली प्रतिनिधी होती. कंपनीच्या नावाच्या कायदेशीर नोटिसा आमच्या घरी येत; त्या घेऊन कंपनीला पाठवणं एवढंच तिचं काम, पगारी नोकरी नव्हे. पुढे कंपनीवाले तिचे फोनही घेईनात, तेव्हा तिने काम सोडायचं ठरवलं.

"नोकरीच नाही, तर राजीनामा कुणाला देणार?" मला भारी कुतूहल.

"कंपनीला, आणि सरकारी कार्यालयालाही. राजीनाम्यानंतर काही दिवसांची मुदत असते, ती संपेपर्यंत मात्र मीच प्रतिनिधी."

त्या मुदतीतच पोस्टमन नोटीस घेऊन आला. आई ती परत पाठवेल असं मला वाटलं, पण तिने सही करून घेतली. ती एका शेतकऱ्याची होती; कंपनीचं बियाणं त्याच्या शेतात उगवलंच नव्हतं.

"मी नाकारली असती, तर त्याने कुणाला गाठायचं?" असं म्हणत तिने ती लगेच कंपनीकडे रवाना केली.

मुदत संपली, त्या संध्याकाळी फाटकावरची कंपनीची पाटी तिने स्वतःच उतरवली.