पुणं काढलं, लडाख ठेवलं

मी एकदा पुणे शहर डिलीट केलं होतं.

सगळं. पेठा, पूल, टेकड्या, आमचं बिबवेवाडीचं घर आणि घराखालच्या वडापाववाल्यासकट. दोन सेकंद लागले. यंत्रानं 'नक्की?' असं विचारलंसुद्धा होतं. मी 'हो' म्हणालो. (इतक्या ठामपणे मी आधी फक्त स्वतःच्या लग्नाला 'हो' म्हणालो होतो. तेव्हाही कुणीतरी 'नक्की?' विचारायला हवं होतं, असं आमच्या सौ. विद्याचं म्हणणं आहे.)

ही गोष्ट पंधरा-एक वर्षांपूर्वीची. मोबाईलला तेव्हा बटणं असायची आणि मोबाईलवर माणसं फक्त बोलायची. मार्केट यार्डात माझा मिरची-मसाल्याचा गाळा. शेजारच्या गुळवाल्या शेठजींच्या जावयानं अमेरिकेहून सासऱ्यांना मोटरसायकलच्या हँडलला लावायचं जीपीएस यंत्र आणलं. आता शेठजींकडे स्कूटर, आणि तीही घर ते गाळा आणि गाळा ते घर एवढंच ओळखणारी. त्यांनी ते यंत्र आठ दिवस वजनकाट्याशेजारी ठेवलं, मग मला म्हणाले, "नंदू, तू ने बाबा. हे आपल्याला रस्ता सांगणार, म्हणजे आपण इतकी वर्षं काय केलं?"

यंत्र झकास होतं, पण त्याचं पोट लहान! आख्खा देश त्यात मावायचा नाही. नकाशाचे चौकोनी तुकडे होते. यंत्र कॉम्प्युटरला जोडायचं, हव्या त्या तुकड्यांवर खूण करायची, आणि खालची पट्टी लाल झाली की समजायचं, आता एक काढल्याशिवाय दुसरा आत जाणार नाही. मी सगळ्यात आधी भरलं लडाख. कारण मी आणि यार्डातले दोघे मित्र येत्या जूनमध्ये मोटरसायकलवरून लेहला जाणार होतो. (येता जून म्हणजे कुठला, हे आम्ही मोघमच ठेवलं होतं.) मग हिमाचल भरलं. प्रत्येक खिंड, प्रत्येक धाबा, प्रत्येक पंक्चरवाला. पट्टी लाल.

मग काढाकाढी सुरू झाली. कोकण काढलं, आंबे घरपोच येतात. सोलापूर काढलं, चादरी पुण्यात मिळतात. नागपूर काढायला गेलो तर विद्या स्वयंपाकघरातून म्हणाली, "माझी मावशी राहते तिथं." मी लगेच काढलं. तरी लडाखच्या कोपऱ्यातला, राहून गेलेला पँगाँगच्या तळ्याचा तुकडा आत जाईना. आता उरलं होतं फक्त पुणं.

"अहो, पुणं काढताय?" विद्या हात पुसत येऊन माझ्यामागे उभी राहिली.

"मग? पुणेकराला पुण्याचा नकाशा कशाला लागतो? पाठ आहे मला."

"मी तुम्हाला एक सांगू? जे रोज लागतं ते डबे हाताशी ठेवायचे, आणि चकलीचा सोऱ्या माळ्यावर. तुम्ही सोऱ्या ओट्यावर मांडलाय आणि पीठ माळ्यावर टाकताय."

"नकाशा आणि पीठ यांत फरक असतो, विद्या."

"असतो ना. पीठ संपलं की कळतं तरी!"

मी 'हो' दाबलं. पँगाँगचं तळं आत गेलं. निळंशार दिसत होतं.

आता चिमीबद्दल सांगायला हवं, कारण खरी गोष्ट तिची आहे. चिमी म्हणजे माझ्या ताईची मुलगी. ताई तेव्हा नारायण पेठेत राहायची, आणि मी लग्नाआधी रोज सकाळी चिमीला माझ्या जुन्या मोटरसायकलच्या टाकीवर बसवून बालवाडीत सोडायचो. रस्ता जेमतेम चार गल्ल्यांचा. पण प्रत्येक वळणावर मी गाडी थांबवून डोकं खाजवायचो. "चिमे, आता कुठं गं? मामा चुकला!" मग ती टाकीवर डावा हात आपटून ओरडायची, "इकडे! डावीकडे! मामा, तुला काहीच येत नाही!" दोन वर्षं हा खेळ चालला. आपण नसलो तर मामा घरी पोचणार नाही, अशी त्या पोरीची पक्की खात्री झाली होती. एकदा तिला ताप आला, तर ती ताईला म्हणाली, "मामाला सोडायला तू जा." मी तेव्हा मुद्दाम चुकायचो, हे मात्र मी तिला कधी सांगितलं नाही.

तर त्या चिमीचं लग्न मी पुणं काढायच्या थोडं आधीच ठरलं होतं. मांजरीकडच्या एका लॉन्सवर, मुहूर्त बारा पस्तीसचा. आपल्याकडे मुलगी गौरीहरापाशी बसते, गुरुजी माइकवरून सांगतात, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावे," आणि मामा तिचा हात धरून तिला बोहल्यावर आणतो. मामाला लग्नात एवढंच काम असतं. (नवरदेवालाही फार नसतं, पण त्याचे फोटो निघतात.) चिमीला मामा एकच, तो म्हणजे मी. शिवाय मी फुशारकीनं आणखी एक काम अंगावर घेतलं, "हार मी आणतो! यार्डातला फुलवाला माझा दोस्त आहे."

वऱ्हाडाची बस सकाळीच गेली. विद्या आणि मी फुलबाजारातून हार घेऊन साडेदहाला मोटरसायकलवरून निघालो. मी फेटा बांधलेला, विद्या पैठणीत, तिच्या मांडीवर निशिगंधाच्या हारांची करंडी.

"सोलापूर रस्त्यानं सरळ चला," विद्या म्हणाली.

"तिथं गर्दी असते. कोंढव्याकडून शॉर्टकट आहे. पेरूच्या बागेला वळसा घालायचा, चिंचेपाशी डावीकडे. हुरडा खायला जायचो आम्ही."

"कधी?"

"दहावीत असताना."

विद्यानं मांडीवरची करंडी घट्ट धरली. तिनं असं काही घट्ट धरलं की मला जास्त भीती वाटते.

अर्ध्या तासानं आम्ही एका सोसायटीच्या फाटकाशी पोचलो आणि रस्ता संपला. मागे फिरून दुसरा धरला, तर दुसऱ्या सोसायटीचं फाटक. तिसऱ्या वेळी पहिल्याच सोसायटीच्या रखवालदारानं मला सलाम केला, कारण आता आमची ओळख झाली होती! शेवटी मी यंत्र सुरू केलं. पडदा पांढराफटक, आणि मधोमध एक छोटी मोटरसायकल. इकडे वळलो, ती वळली. थांबलो, ती थांबली. निदान जवळचा पेट्रोल पंप तरी दाखव म्हटलं, तिथं कुणाला तरी विचारू. यंत्रानं क्षणभर विचार केला आणि उत्तर दिलं: मनालीच्या अलीकडे, सरळ रेषेत दीड हजार किलोमीटर.

"सापडलं का हो काही?" मागून आवाज आला.

"सापडतंय."

"हार सुकतायत."

"अगं, सापडतंय म्हटलं ना!"

"विचारा ना कुणाला तरी!"

आता पुण्यात जन्मलेल्या माणसानं पुण्यात रस्ता विचारायचा? माझ्या वडिलांनी विचारला नाही, आजोबांनी विचारला नाही. (आजोबा एकदा पर्वतीला म्हणून निघाले आणि खडकीला पोचले होते, पण विचारलं नाही!) सव्वाअकरा वाजले तरी मी ताठच होतो. शेवटी विद्याच खाली उतरली. रस्त्याच्या कडेला एक आजोबा म्हशीला पाणी दाखवत होते.

"आजोबा, ती पेरूची बाग कुठंशी हो?"

"बाग? बाग कवाच गेली ताई. तिथं आता सोसायटी हाय."

"आणि चिंच?"

"चिंच बी गेली. पर सोसायटीच्या नावात हाय बगा." मग त्यांनी माझ्या फेट्याकडे पाहिलं. "पाव्हणं कुठलं म्हनायचं?"

"पुण्याचे," विद्या म्हणाली. आजोबांना ते काही पटलं नाही. तरी त्यांनी हडपसरवरून मांजरीला जायचा रस्ता नीट समजावून सांगितला.

मांजरीकडे पोचलो तेव्हा बारा वीस झाले होते. आणि समोर काय? एका रांगेत पाच लॉन्स, पाच कमानी, पाच मांडव! लग्नाची दाट तीथ, सगळीकडे बारा साडेबाराचेच मुहूर्त. पत्रिका कुठं, तर ताईकडे. लॉन्सचं नाव? ते मी यंत्रात घालून ठेवलं होतं. पुण्याच्या तुकड्यात.

तेवढ्यात एका मांडवातून गुरुजींचा आवाज आला, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावे!" माझ्या अंगातून वीजच गेली. गाडी तिथंच टाकली आणि धावलो. फेटा, घाम आणि मागून हार घेऊन धावणारी बायको पाहून दारातली माणसं ओरडली, "आले, आले! मामा आले!" कुणी मला अत्तर लावलं, कुणी विद्याच्या हातातून करंडी घेतली, कुणी मला ढकलत थेट खोलीत नेलं. नवरी पाठमोरी बसली होती. मी हात पुढे करून म्हणालो, "चिमे, आलो गं!"

नवरीनं वळून पाहिलं आणि किंचाळली, "आई! हे कोण?"

माझ्यामागून एक भरदार मिशांचे गृहस्थ म्हणाले, "तुम्ही मामा, तर मग मी कोण?"

मी त्यांना नमस्कार केला. दुसरं काय करणार? बाहेर विद्या करंडी परत ओढत होती आणि एक काकू सोडायला तयार नव्हत्या. "आमचे हार अजून यायचेत, हे राहू द्या की!" "अहो, नवरी आमची वेगळी आहे!" "नवरी ठेवा तुमची, हार द्या!" त्या झटापटीत निशिगंधाची निम्मी फुलं तिथंच सांडली.

पुन्हा रस्त्यावर. बारा अठ्ठावीस. आता आणखी दोन मांडवांतून मामांना बोलावणं सुरू झालं होतं. त्यात शेजारच्या वरातीचा बँड अगदी आमच्या कानाशी. मी ताईला फोन लावला. पलीकडे कुणी काय बोलतंय, काही म्हणता काही ऐकू येईना. मीच ओरडत सुटलो, "ताई, मी दोन हत्तींच्या कमानीपाशी आहे! पाच लॉन्स आहेत गं! मला सापडत नाहीये! माझ्यासाठी मुहूर्त घालवू नका, दुसऱ्या कुणाला तरी मामा म्हणून उभं करा!"

हे बोलताना मला खरंच रडू आलं. पन्नाशीला आलेला, फेटा बांधलेला माणूस हमरस्त्यावर रडत होता. विद्यानं पहिल्यांदाच काही टोमणा मारला नाही. तिनं नुसता माझ्या पाठीवर हात ठेवला.

आणि एका लाऊडस्पीकरमध्ये खरखर झाली. गुरुजी "अहो, माइक, माइक..." म्हणत होते, आणि मग एका मुलीचा आवाज आला, "मामा, मी चिमी बोलतेय."

मी जागच्या जागी थिजलो.

"तुला माझं फोनवर ऐकू येत नाहीये, पण मला तुझं येतंय. फोन बंद करू नकोस. हत्तींकडे पाठ कर आणि सरळ ये. विहीर दिसली की सांग."

विद्यानं मागे बसून फोन माझ्या तोंडाशी धरला आणि मी गाडी सुरू केली. "दिसली!" मी फोनमध्ये बोंबललो.

"आता डावीकडे. डावीकडे, मामा! तो तुझा उजवा हात असणार!"

तो उजवाच होता. मी गाडी वळवली. आख्ख्या मांजरीला ऐकू जात होतं. बाकीच्या मांडवांतले लोक कमानीत येऊन उभे राहिले आणि आम्हाला हातानं डावीकडे, डावीकडे दाखवू लागले. त्यांत ते मिशीवाले मामाही होते!

"आता उसाच्या कडेनं ये. समोर आचाऱ्यांचा धूर दिसेल, तिथून आत शिर. आणि मामा, घाई करू नकोस. तू आल्याशिवाय मी उठत नाहीये."

आम्ही जिलब्यांच्या कढईला वळसा घालून मागच्या दारानं मांडवात शिरलो. बारा चौतीस. हारांत फुलांपेक्षा दोराच जास्त उरला होता. गौरीहरापाशी मुंडावळ्या बांधलेली चिमी हातात माइक घेऊन बसली होती, आणि चारशे माणसं माझ्याकडे बघत होती.

"पोचलास," ती म्हणाली.

"मला रस्ता माहीत होता," मी म्हणालो. दुर्दैवानं माइक अजून चालू होता, त्यामुळे हे वाक्यही चारशे माणसांनी ऐकलं. पुढचा मिनिटभर गुरुजींना मंगलाष्टकं सुरू करता आली नाहीत.

मी तिचा हात धरून बोहल्याकडे निघालो. चालता चालता ती माझ्या कानात म्हणाली, "लहानपणी तू मुद्दाम चुकायचास, हे मला पहिलीतच कळलं होतं. पण आज मात्र खरंच चुकला होतास ना?" मी मान हलवली.

चिमी आता बंगळुरूला असते. त्या लग्नाच्या व्हिडिओत मंगलाष्टकांच्या आधी पाच मिनिटं नुसतं "डावीकडे, मामा!" आहे, आणि आमच्याकडे कुणीही पाहुणे आले की विद्या नेमकी तेवढीच पाच मिनिटं लावते.

परवा कपाट आवरताना ते यंत्र सापडलं. चार्ज केलं, तर चक्क सुरू झालं. लडाख जसंच्या तसं आहे, एकेक खिंड, एकेक पंक्चरवाला, पँगाँगचं निळंशार तळं. आम्ही तिघं मित्र येत्या जूनमध्ये नक्की निघणार आहोत. मनालीपासून पुढची मला अजिबात काळजी नाही. फक्त बिबवेवाडीतून हायवेला लागेपर्यंत तेवढी चिमी फोनवर हवी.