फूल खाली जाणार नाही

साठ सालाच्या आसपासची गोष्ट. तोरणमाळच्या वाटेवरच्या आमच्या पाड्यात मी सून म्हणून नवी होते. चौथीपर्यंत शिकलेली, त्यामुळे पाहुण्यांशी मराठीत बोलायचं काम माझ्या गळ्यात. त्या पावसाळ्यात एक वनस्पतीशास्त्राच्या बाई आमच्या घरी राहिल्या होत्या. देवाच्या राईत झऱ्याकाठी त्यांना एक बोटभर पांढरं फूल सापडलं. असं फूल या डोंगरांत कुणी नोंदवलेलंच नाही, म्हणाल्या.

ती राई जंगलखात्याने ठेकेदाराला तोडायला द्यायची ठरवली होती. राई गेली की झरा आटणार, आणि आम्ही प्यायचं काय? बाई खाली जाऊन जंगलखात्याच्या साहेबांना भेटून आल्या. साहेब म्हणाले, फूल मुळासकट माझ्या टेबलावर आणा, मग राई वगळतो.

पण हिरव्याची, म्हणजे पावसाळ्यातल्या नव्या पाल्याची, पूजा अजून व्हायची होती. तोवर आमच्यात कोवळं पानसुद्धा कुणी तोडत नाही. सासरे गावचे पुजारा, त्यांनी सरळ नाही म्हटलं. बाई चिडल्या. "एका फुलापायी सगळी राई घालवणार तुम्ही?"

माझं डोकं सणकलं. "आज तुम्ही तोडलंत, तर उद्या ठेकेदार म्हणेल, नेम मोडलाच आहे, आता मला कशाला अडवता? फूल खाली जाणार नाही. साहेबाला पाय आहेत ना? त्याला वर आणा."

दुसऱ्या दिवशी बाई स्वतः खाली उतरल्या आणि साहेबांना घेऊनच आल्या.

चढून चढून साहेबांचा जीव मेटाकुटीला आलेला. राईच्या तोंडाशी सासऱ्यांनी त्यांना बूट काढायला लावले. फूल इतकं जमिनीलगत, की बघायला त्यांना चिखलात पालथं पडावं लागलं. मला हसू आवरेना, पण पदर तोंडाशी धरला.

"बघितलं," साहेब म्हणाले आणि उठू लागले.

"उजवीकडे अजून दोन आहेत," बाई म्हणाल्या. "सांभाळून."

साहेब तसेच पडून राहिले. मग हळूच डावीकडून उठले. राई वगळली गेली. समोरचा डोंगर मात्र ठेकेदाराने बोडका केला, तो राग माझा आजही गेलेला नाही.

पूजा झाली तोवर फुलं सुकून गेली होती. सासऱ्यांना विचारून बाईंनी नुसतं एक पान नेलं. फूल हवं असेल त्याने अजूनही वर यावं, बूट काढावेत आणि झऱ्याचं पाणी पिऊन जावं.