कळंबच्या बायकांसाठी कापड

लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी, फाल्गुनात, कळंबकडच्या ऊसतोड मजुरांच्या पाचटाच्या कोप्या आगीत जळाल्या. माणसं वाचली, पण अंगावरच्या कपड्यांखेरीज काही उरलं नाही. बारामतीत आमच्या आळीतल्या बायकांनी धान्य, भांडी, लुगडी गोळा केली आणि सगळं आमच्या पडवीत आणून टाकलं. माझ्या सासूबाई ते निवडायला बसल्या. त्यांना मी आत्याबाई म्हणत असे.

मी तेव्हा बाजूला बसलेली. महिन्याचे दिवस, कशाला शिवायचं नाही, मागच्या दाराशी घोंगडीवर बसून राहायचं. तिथूनच मी भीतभीत विचारलं, "आत्याबाई, त्या बायकांना असल्या दिवसांत लागणारं कापड कुणी दिलंय का?"

त्यांचा हात थांबला. "न्हाय गं. कुणाच्या ध्यानातच आलं न्हाय."

शेजारच्या भाभींचं कापडाचं दुकान होतं. कळल्याबरोबर त्यांनी मांजरपाटाचा कोरा तागा पाठवला. मन मोठं, पण कापड खळीचं, कडक. आत्याबाईंनी त्याचा एक तुकडा आणि आपल्या विटक्या सुती लुगड्याचा एक तुकडा लांबूनच माझ्यापुढं टाकला.

"दोन्ही लावून बघ. उसात राबायचंय त्यास्नी. कुठलं सोसंल ते तूच सांग."

मला हसू आलं. एरवी त्या दिवसांत मला कुणी काही विचारत नसे. मांजरपाट लावून परसात फेऱ्या मारल्या, तर मांड्या सोलवटल्या, आणि ओल टिपेना ती वेगळीच. लुगड्याचा तुकडा मात्र लावल्याचं ध्यानातही राहिलं नाही. गडद रंगावर डागही उठून दिसत नव्हता. मी तसं सांगितलं.

मग आत्याबाईंनी गोळा झालेल्यांतली रेशमी लुगडी बाजूला ठेवली आणि घरोघरून जुनी, गडद, सुती तेवढी मागून आणली. सोड्यात उकळून ती कडक उन्हात वाळवली. तोवर माझं चौथ्या दिवसाचं न्हाणं झालं होतं. घड्या शिवायला, कमरेच्या नाड्या वळायला मीही बसले. भाभी आल्या आणि आपला तागा तसाच पडलेला पाहून हिरमुसल्या.

आत्याबाई म्हणाल्या, "भाभी, ह्याचा आडोसा करू. बायास्नी न्हायला, आन् ही कापडं उन्हात वाळवायला. बाप्यांची नजर पडायची न्हाय."

भाभींचा चेहरा खुलला. दुकानातल्या मशीनवर त्यांनी स्वतः पट्ट्या जोडून दिल्या.

आम्ही बैलगाडीनं कळंबला गेलो. तिथं एका पोक्त बाईनं गाठोडं सोडलं, घडी बोटांनी चाचपली आणि पदर तोंडाशी धरून म्हणाली, "ह्ये मागायची लाज वाटत हुती बघा." मग आडोशाची जागा तिनंच दाखवली, नव्या कोप्यांच्या मागं, कालव्याच्या अंगाला. बांबू रोवून आम्ही पडदा ताणून बांधला. निघताना बायकांनी गाडीत उसाची मोळी टाकली आणि आम्ही वाटेनं कांड्या चघळत आलो.

पुढच्या महिन्यातही मी बाजूला बसलेच. तो रिवाज काही सुटला नाही. पण आत्याबाई आता निवडायची मेथी घेऊन मागच्या दारी येत आणि थोडं अंतर राखून, जुडी संपेतो माझ्याशी बोलत बसत.