भर दुपारचा सावलीचा पाठ

नवरा गेला तेव्हा लॉकडाउनमुळे कॉलेज बंदच होतं. तो ओझरच्या कारखान्यात कामाला होता. ताप आला, ऑक्सिजन उतरला आणि दवाखान्यातून तो घरी आलाच नाही. मुलगी बंगळूरला अडकलेली. मी फ्लॅटमध्ये एकटी. रडू येईल असं सगळे म्हणत होते. मला नुसती झोप यायची.

मी डी.एड.च्या मुलींना शिकवते. पंधरवड्याने प्राचार्यांचा फोन आला. ते चाचरत म्हणाले, "मॅडम, मुलींचे सराव पाठ राहिलेत. जमेल का?"

"जमेल," मी म्हणाले. दुसरं काही करायचंच नव्हतं.

शाळा बंद, म्हणून पाठ ऑनलाइन. एकीने शिकवायचं, बाकीच्यांनी चौथीची मुलं व्हायचं. पण कॅमेरे बंद, माइक बंद. पडद्यावर नुसती नावं. मुली काळ्या चौकोनांना शिकवायच्या आणि मी ऐकत बसायचे. पाठात काय झालं ते लिहून ठेवायचे, कारण लगेच विसरायचे.

एक मुलगी सुरगाण्याकडची होती. पाड्यात रेंज नाही म्हणून टेकडीवर चढून बसायची. तिचा पाठ होता सावलीचा. भर उन्हात उभी राहून तिने मोबाइल जमिनीकडे वळवला.

"मुलांनो, सकाळी सावली लांब असते. मग दुपारी ती कुठे जाते?"

कोणी बोललं नाही. तिने परत विचारलं. वाऱ्याचा आवाज तेवढा येत होता. ती थांबूनच राहिली. उत्तर स्वतः सांगून पुढे जायचं नाही, हे मीच त्यांना शिकवलं होतं.

मी माइक चालू केला. "बाई, पायाखाली जाते."

ती म्हणाली, "शाब्बास. आता उन्हात जाऊन स्वतःची बघ बरं."

मी उठले. गॅलरीचं दार कितीतरी दिवसांनी उघडलं. फरशी तापली होती. चटका लागला तरी पाय हलवावा असं वाटेना. सावली होती, पायापुरती. आत आले तर एकेक माइक चालू होत होता. "बाई, माझी पण." "बाई, आमच्या गच्चीवर गारव्याला पाणी सोडलंय, त्यात माझी दिसत नाही." पाठ वेळेपेक्षा लांबला.

शेवटी ती म्हणाली, "मॅडम, मी तुम्हाला अगंतुगं केलं. चुकलं का?"

"विद्यार्थ्याला कोणी अहोजाहो करतं का? पाठ चांगला झाला. आवाज थोडा मोठा हवा."

लॅपटॉप मिटला. चपात्या लाटायला घेतल्या, दोनच. पायाचे तळवे अजून जळजळत होते. दुसऱ्या दिवशी मराठीचे पाठ होते, तेही मी घेतले.

ती मुलगी आता पेठ तालुक्यात शिकवते. तिची शाळा बघायला या म्हणते. अजून जाणं झालं नाही.