वालाच्या शेंगांची पावती

किराणा घेऊन येणाऱ्या ड्रायव्हरला टीप द्यावी की नाही, यावर आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मध्यंतरी मोठी चर्चा झाली. मी त्या ग्रुपवर नाही. सूनबाई वाचून दाखवायची आणि मी खाली बसून वाल सोलत ऐकायचे. एक म्हणाला, द्यावी, पण ॲपवरूनच द्यावी, म्हणजे नोंद राहते. दुसरी म्हणाली, एकदा दिली की सवय लागते, मग दारात घुटमळत उभे राहतात. तिसऱ्याचं म्हणणं, पाऊस असेल तरच द्यावी. कोणीतरी विचारलं, लिफ्ट बंद असेल तर? त्यावर आमच्या सेक्रेटरींनी लिहिलं की लिफ्टचा आणि टीपचा काही संबंध नाही. मी सुनेला म्हटलं, "ठेव गं तो फोन. दारात आलेल्या माणसाला रिकामं धाडायचं का नाय, यावर मतं मागवतात होय? यांच्या आयांनी यांना शिकवलं तरी काय?"

माझं सगळं आयुष्य कर्जतकडच्या एका खेड्यात गेलं. मालक गेल्यावर मुलाने इकडे आणलं, खोपोलीच्या शिळफाट्याच्या पुढे, सातव्या मजल्यावर. मुलगा इथल्याच कारखान्यात आहे, सून बँकेत. थोडी जमीन अजून गावाला आहे, ती दीर कसतात. आमच्याकडे ओझं घेऊन कोणी दारात आला, गिरणीवरून तांदळाची गोणी आणणारा असो की गॅसवाला, की आधी तांब्याभर पाणी आणि गुळाचा खडा. आणि जाताना घरात जे असेल ते. काकडी असेल तर काकडी, दुधी असेल तर दुधी, आंब्याच्या दिवसांत चार आंबे. त्याला आम्ही वानवळा म्हणतो. शेतात पिकलं की शेजारी, सोयरे, येणारेजाणारे सगळ्यांच्या तोंडाला लागलं पाहिजे, एवढाच त्यातला हिशेब. त्याला टीप म्हणायचं कोणाच्या डोक्यातही आलं नसतं.

सुनेची रीत वेगळी. तिच्या फोनवर सामान मागवतानाच खाली गोल गोल आकडे येतात, त्यातल्या एकावर बोट ठेवायचं. मी विचारलं, "अगं, माणूस अजून आला नाय, अंडी फोडून आणतो का नीट आणतो ते ठावं नाय, आणि बक्षिशी आधीच?" ती हसली. म्हणाली, "आई, तसंच असतं." तिचं मन मोठं आहे, ती दर वेळी देते. पण देताना ज्याला द्यायचं त्याचं तोंडसुद्धा दिसत नाही, हे काही माझ्या पचनी पडलं नाही.

आमच्याकडे सामान आणायचा तो ड्रायव्हर माझ्या धाकट्या भावाच्या वयाचा. गाव कर्जतजवळच्या कोंडाण्याच्या बाजूचं. आधी कारखान्यात होता, कारखाना बंद पडला, मग टेंपोवर चढला. घरात कमावता तो एकटाच. पहिल्या दिवशी मी पाणी दिलं तेव्हा तो तांब्या वरून ओतून प्यायला, एक थेंब सांडला नाही, आणि म्हणाला, "मावशी, तुमी आमच्याकडच्या दिसता." झालं. तेव्हापासून दर खेपेला काहीतरी हातात ठेवल्याशिवाय मी त्याला सोडला नाही. आणि तोही असा की, घेऊन वर नावं ठेवायचा.

"मावशी, मागच्या शेंगा कुठल्या सालातल्या होत्या? दात हललं माझं."

"तुझ्या बायकोला शिजवता येत नाय, त्याला मी काय करू?"

"सांगतो तिला. पुढच्या खेपेला तीच येईल भांडायला."

असं आमचं चालायचं. सातव्या मजल्यावर दिवसभर दार लावून बसणाऱ्या म्हातारीला कोणीतरी नावं ठेवायला येतं, याचं मला केवढं बरं वाटायचं ते काय सांगू.

थंडीत दिरांनी गोणीभर वालाच्या ओल्या शेंगा पाठवल्या, आणि वर भांबुर्ड्याचा पाला. भांबुर्डा म्हणजे बांधावर उगवणारी रानटी झुडपं. पोपटी लावायची तर मडक्यात आधी हा पाला घालतात, मग शेंगा, ओवा, मीठ, आणि मडकं उपडं करून भोवती जाळ. या पाल्याशिवाय पोपटीला वास येत नाही. सातव्या मजल्यावर कुठे जाळ करणार? मी थोड्या शेंगा उकडल्या, पण पाला तसाच राहिला. तेवढ्यात ड्रायव्हर आला. मी म्हटलं, "पोपटी लावलीस का रं औंदा?" म्हणाला, "पोरं रोज इचारतात, पण पाला आणायला जायला टाईम कुठं हाय?" मग काय, मी अर्ध्या शेंगा आणि सगळा पाला त्याला भरून दिला.

भरून दिला तो त्यानेच आणलेल्या कागदी पिशवीत. कंपनीचं नाव छापलेली भक्कम पिशवी, आताच रिकामी केलेली. चांगली पिशवी आमच्या हातून टाकवत नाही, दुधाची पिशवीसुद्धा आम्ही धुऊन वाळत घालतो. त्या एका पिशवीवरून पुढचं सगळं रामायण झालं.

मला त्याच दिवशी काही कळलं नाही. पुढच्या खेपेला सामान घेऊन दुसराच कोणी आला. मी विचारलं, आमचा कुठे गेला? तो बूट न काढता दाराबाहेरच उभा राहिला आणि म्हणाला, "त्याला बंद केलाय, आजी. चोरी केली ना त्यानं तुमच्या सोसायटीत."

मी सुनेला फोन काढायला लावला. ग्रुपवर फोटो होता. गेटवर टेंपो उभा, वॉचमनच्या हातात ती पिशवी, पिशवीतून शेंगा आणि पाला वर आलेला, आणि बाजूला ड्रायव्हर, मान खाली. खाली सेक्रेटरींनी लिहिलेलं: 'आज माझ्या ऑर्डरमधला मटार आणि कोथिंबीर आली नव्हती. ती कुठे गेली ते पाहा. कंपनीला फोटोसह कळवले आहे.' त्याखाली टाळ्यांची चित्रं. सूनबाई दोन दिवस बँकेच्या कामात होती, तिने ते उघडलंही नव्हतं.

मटार. माझ्या वालाच्या शेंगांना मटार म्हणाला तो माणूस. आणि भांबुर्ड्याला कोथिंबीर. मुंबईला साहेब होता म्हणे, निवृत्त होऊन डोंगर बघायला इकडे आला. बघतो कसला, गॅलरीत बसून पेपर वाचतो. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी पदर खोचला आणि खाली गेले.

आधी वॉचमनला गाठलं. तो खालापूरकडचाच, शेतकऱ्याचा. मी म्हटलं, "तुला रं वालाची शेंग कळत नाय? का मुंबईवरनं आलायस तू पण?"

तो इकडेतिकडे बघायला लागला. "कळती ओ मावशी. पण पिशवी कंपनीची. बाहेर जाताना पिशवी दिसली की फोटो काढायचा, तशी ऑर्डर हाय. आन् साहेब म्हटले हा मटार, तर मी मधी कशाला बोलू?"

"आन् तो काय म्हटला? ड्रायव्हर?"

"तो म्हटला, सातव्या मजल्यावरच्या मावशींनी दिल्यात. साहेब म्हटले, पकडल्यावर सगळे असंच सांगतात."

इथे मला खरी चीड आली, आणि ती अजून गेलेली नाही. गेटवर फोन आहे. एक बटण दाबलं की आमच्या घरात वाजतो. पार्सल आलं की वाजतो, कचऱ्याची गाडी आली की वाजतो. माणसाची अब्रू जात होती तेव्हा तेवढा वाजला नाही. मी घरातच होते, त्याच शेंगा पाटीत पसरत बसले होते.

ऑफिसात सेक्रेटरी बसले होते. ती पिशवीही तिथेच, कपाटावर, पुरावा म्हणून. शेंगा सुकून गेल्या होत्या. मला बघून म्हणाले, "या काकू, बसा." मी बसले नाही. पिशवी खाली काढली, मूठभर पाला घेतला, तळहातावर चुरडला आणि त्यांच्या नाकासमोर धरला.

"ही कोथिंबीर का?"

ते मागे सरकले. भांबुर्ड्याचा वास ज्याला ठाऊक नाही त्याला तो उग्रच लागतो. मग मी एक शेंग सोलली आणि दाणे टेबलावर ठेवले. "आणि हा मटार? तुमच्या फोनवर भांबुर्डा कुठं मिळतो ते मला दाखवा. मिळाला तर मी पण मागवीन. दिराला इतक्या लांबून धाडायला नको."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "काकू, गैरसमज झाला असेल. पण तुम्हीही समजून घ्या. तुम्हाला त्याला काही द्यायचं होतं तर ॲपवर टीप द्यायची होती. त्याची नोंद असते. हे असं हातात वस्तू देणं म्हणजे उगाच संशयाला जागा. शिवाय बाहेर काही न्यायचं तर फ्लॅटची चिठ्ठी लागते, कामवाल्या बायकांनाही लागते. या शेंगांची तुमच्याकडे काही पावती आहे का?"

वालाच्या शेंगांची पावती. दिरांनी पेरल्या, जावेने खुडल्या, मी भरल्या. पावती कोणी फाडायची, बैलाने?

मी म्हटलं, "तुमचा मटार तुमाला मिळाला नाय, त्याचं मला वाईट वाटतं. पण चोर सोडून संन्याशाला फाशी देऊन तो मिळणार हाय का? घरात कमावता माणूस हाय तो. आता माझ्यादेखत कंपनीला लिवा, की त्यानं चोरी केली नाय. तोवर मी हितनं हलत नाय."

आणि खरंच हलले नाही. खुर्ची ओढून दारातच बसले. कोणी मेंटेनन्सचा चेक घेऊन आलं, कोणी पार्किंगची तक्रार घेऊन आलं, सगळ्यांना मी शेंग सोलून दाखवली आणि कशाला बसले ते सांगितलं. संध्याकाळी सूनबाई कामावरून थेट तिथेच आली. मला वाटलं, आता ही मला घरी चला म्हणणार. तिने पर्स माझ्या मांडीवर ठेवली आणि सेक्रेटरींना म्हणाली, "लिहा काका, मी वाचून बघते." शेवटी त्यांनी लिहिलं. 'गैरसमजातून तक्रार झाली, ती मागे घेत आहोत' असं. मी म्हटलं, माझी चूक झाली असं लिहा. ते म्हणाले, तसं लिहिण्याची पद्धत नाही. फोटो टाकायची पद्धत आहे, चूक म्हणायची नाही.

कंपनीने त्याला परत कामावर घेतलं, पण लगेच नाही. मधल्या दिवसांची मजुरी बुडाली ती बुडालीच. ग्रुपवरचा फोटो गुपचूप काढून टाकला. टाकला होता सगळ्यांच्या देखत, काढताना कोणाला पत्ता नाही. त्यामुळे ज्यांनी टाळ्या वाजवल्या त्यांच्या डोक्यात तो चोर तो चोरच राहिला. एकदा नाव कानफाट्या पडलं की पडलं. आणि वर नवा नियम निघाला, सामानाचे टेंपो आत आणायचे नाहीत. गेटबाहेर लावायचे आणि ढकलगाडीवर सामान घेऊन आत चालत यायचं. चूक यांची आणि पायपीट त्यांची.

तो परत आला तेव्हा दाराबाहेर उभा राहिला. मी तांब्या पुढे केला.

"नको मावशी. खाली पिलोय."

कुठे पिणार होता खाली? गेटवरच्या नळाला पाणी नसतं हे मला माहीत आहे. सामान मोजून आत ठेवलं, पिशव्या उलट्या करून रिकाम्या आहेत हे मला दाखवलं, त्यांच्या घड्या घातल्या. शेंगांना नावं ठेवली नाहीत. दातांचं काही बोलला नाही. ओळख नसल्यासारखा "येतो" म्हणाला.

"थांब," मी म्हटलं. वाल संपत आले होते, तरी मागे राहिलेल्या शेंगा होत्या. या खेपेला कंपनीची पिशवी नाही, माझ्या जुन्या लुगड्याचा धडपा घेतला आणि गाठोडं बांधलं. तो कसनुसा झाला. "मावशी, गेटवर दाखवायला लागतं. तुमी चिठ्ठी तरी द्या."

"चिठ्ठी देणार नाय," मी म्हटलं. "वानवळ्याला चिठ्ठी लावली तर माझी सासू सरगातनं खाली येऊन मला बदडील. पाव्हण्याला वेशीपर्यंत पोचवायची आमची रीत हाय. चल."

गाठोडं माझ्याच हातात ठेवलं. गुडघे दुखतात, पण चालले. तो रिकामी ढकलगाडी घेऊन शेजारी. गॅलऱ्यांतून बघणारे बघत होते, त्यांनी नीट बघावं म्हणून मी सावकाश चालले. वॉचमनने माझ्याकडे बघितलं, गाठोड्याकडे बघितलं, आणि काही न विचारता बाजूचं छोटं दार उघडलं. आम्ही बाहेर रस्त्यावर आलो. टेंपो तिथे उभा होता. सोसायटीची हद्द संपली होती, आता कोणाचा नियम नाही, कोणाचा फोटो नाही. मी गाठोडं त्याच्या हातात दिलं.

त्याने ते घेतलं. आणि माझ्यादेखत गाठ सोडली, फडकं उलगडलं आणि शेंगा दोन्ही हातांवर पसरून वॉचमनच्या खिडकीकडे धरल्या.

कोणी मागितलं नव्हतं. वॉचमन खाली बघत राहिला.

"बांध ती," मी म्हटलं. "कोण इचारतंय तुला?"

"राहू द्या मावशी," तो म्हणाला. "बघून घेतलेलं बरं."

मी त्याच्या हातातून फडकं घेतलं आणि गाठ परत बांधली. एक नाही, तिच्यावर दुसरीही मारली, सहज सुटू नये अशी.